मुळा : मळ्यांतला आणि रांजणांतला

भाजीबाजारांत ज्या वस्तु माणूस हौसेनें घेत नाहीं, पण घेतल्यावांचूनहि राहत नाहीं, त्यांत मुळ्याचा क्रम बराच वर लागेल. मार्गशीर्ष-पौषांत मंडईंत जुड्यांचे ढीग लागतात. गृहिणी एक जुडी घेते. भाजीवाला सवयीनें पाला मुरगळून टाकतो. घरीं दोन मुळे किसून दह्यांत घातले जातात. आणि उरलेले मुळे चार दिवसांनीं मऊ पडले म्हणून टोपलींतून बाहेर जातात. पाहुणे यावयाचे असले तर मुळा शिजवूं नये, घरभर वास सुटतो, अशी ताकीदहि पुष्कळ घरांत मिळते. याच मुळ्याकडे कोरियांतील गृहिणी हिंवाळ्याची बेगमी म्हणून पाहते, जपानी स्वैंपाक्याला त्यावांचून एक दिवस चालत नाहीं, आणि दक्षिण चीनमध्यें नव्या वर्षाचें पक्वान्न त्याच्याच किसांतून तयार होतें. एकच वनस्पति एका देशांत तोंडीलावण्याच्या वाटींत राहते आणि दुसऱ्या देशांत कोठीघराचा आधार होते, याचें कारण काय, हा प्रश्न केवळ जिभेचा नाहीं. त्यांत शेतकऱ्याच्या पदरीं काय पडतें आणि घरांतील अन्न वायां किती जातें, हेहि प्रश्न गुंतलेले आहेत.

या विचाराला एखादें ठिकाण समोर असलेलें बरें. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत अंतरवाली सराटी हें गांव आहे. मराठा आरक्षणाच्या मागणीसाठीं तेथें २०२३ मध्यें झालेल्या उपोषणामुळें त्याचें नांव सर्व महाराष्ट्राच्या कानीं गेलें. एरवीं तें मराठवाड्यांतील शेंकडों गांवांसारखेंच शेतीवर जगणारें गांव. दक्षिणेस कांहीं मैलांवर गोदावरी वाहते आणि जालना व बीड या जिल्ह्यांची सीमा आंखते. जमीन बहुतेक काळी, पाऊस बेताचा व लहरी. १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ या जिल्ह्यानें फार जवळून पाहिला आहे. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ मध्यें पुरें झालें; त्याच्या डाव्या कालव्याचें पाणी या पट्ट्यांत जेथें पोंचतें तेथें ऊंस दिसतो, आणि जेथें विहिरीवरच भिस्त आहे तेथें कापूस, तूर, ज्वारी. अशा शेतांत विहिरीच्या कडेला चार वाफे भाजीपाल्याचे असतात आणि त्या वाफ्यांत मुळा हटकून असतो. थोड्या पाण्यावर, चाळीस-पन्नास दिवसांत हातीं येणारें दुसरें कंदपीक शेतकऱ्याजवळ नाहीं.

मुळ्याला भुसभुशीत जमीन मानवते. नदीकांठच्या पोयट्याच्या, वाळूमिश्रित मळ्यांत तो सरळ, गुळगुळीत व लांब वाढतो. काळी जमीन ओली असतां चिकट व वाळली असतां दगडासारखी. तींत मुळा वांकडा होतो, त्याला फांटे फुटतात आणि अंगावर तंतुमुळांची लव येते. म्हणून जाणता माळी काळ्या जमिनींत सपाट वाफ्याऐवजीं सरीच्या वरंब्यावर बीं टोकतो. वरंब्याची माती मोकळी राहते आणि मुळा आंतल्या आंत अडखळत नाहीं. पाणी मात्र नेमानें हवें. ताण पडला कीं मुळा तिखट होतो, आणि काढणीला उशीर झाला कीं आंतून भेंडासारखा पोकळ पडतो. हिंवाळी पिकांत ‘जॅपनीज व्हाइट’ या नांवाची लांब पांढरी जात आपल्याकडे पुष्कळ वर्षें लावली जाते. म्हणजे जपानचा मुळा महाराष्ट्राच्या मळ्यांत केव्हांच येऊन राहिला आहे. उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत येणारी ‘पुसा चेतकी’ ही जात दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेनें काढली. तिनें मुळा बारमाही केला.

बियाण्याच्या बाबतींत जालना जिल्ह्याचें स्थान कांहीं निराळेंच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनीं जालन्यास ‘पुसा सावनी’ भेंडीच्या बियाण्यापासून आरंभ केला, आणि १९६४ मध्यें ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी तेथेंच स्थापन केली. १९९८ मध्यें त्यांना जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. पुढें या शहरांत बियाण्यांच्या अनेक कंपन्या उभ्या राहिल्या. ज्या जिल्ह्यांतून देशभर भाजीपाल्याचें बीं जातें, त्याच जिल्ह्यांत भाजी टिकविण्याची विद्या मागें राहावी, ही विसंगति लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

मुळा हें नांवच ‘मूलक’ या संस्कृत शब्दापासून आलेलें. म्हणजे मुळांतलें मूळ. तेराव्या शतकांत पंढरपूरच्या वाटेवरील अरण गांवीं सांवता माळी यांनीं मळ्यांतील कांद्या-मुळ्यांतच विठ्ठल पाहिला. तेव्हां मराठी मळ्यांतील त्याचें बस्तान किमानपक्षीं सातशें वर्षांचें आहे. त्याहूनहि पूर्वीं चरकसंहितेनें मुळ्याचा विचार सूक्ष्मपणें केला आहे. तिचें म्हणणें असें कीं, कोंवळा मुळा दोषांचें शमन करतो, जून मुळा तिन्ही दोष वाढवितो. परंतु तोच स्नेहांत शिजवला असतां वाताचा नाश करतो आणि वाळवला असतां कफ व वात या दोहोंना जिंकतो. दोषांची परिभाषा क्षणभर बाजूस ठेवली तरी येथें एक व्यवहारज्ञान स्पष्ट दिसतें. मुळा ही एक वस्तु नाहीं. वय, अग्नि आणि ऊन यांनीं तिचे गुण पालटतात. कित्येक घरांत माघ महिन्यांत मुळा वर्ज्य मानतात. शास्त्रकारांचा हेतु कांहींहि असो, माघ लागेतोंवर हिंवाळी मुळा जून होऊन त्याला फुलाचा दांडा येऊं लागतो, हें कोणत्याहि माळ्याला ठाऊक आहे.

आतां मुळ्याच्या तिखटपणाकडे वळलें पाहिजे, कारण त्याच्याविषयींच्या सगळ्या प्रीतीचें आणि अप्रीतीचें मूळ तेथें आहे. मुळा हा मोहरीच्या कुळांतला. मोहरीचा दाणा कोरडा तोंडांत टाकला तर फारसा झोंबत नाहीं. परंतु तीच मोहरी पाणी घालून फेसली कीं तिचा तडाखा थेट नाकांत चढतो, हें लोणचें घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीच्या अनुभवाचें आहे. मुळ्यांतहि नेमकें हेंच घडतें. त्याच्या पेशींत गंधकयुक्त असें एक द्रव्य असतें व निराळ्या पेशींत एक एन्झाइम असतें. मुळा अखंड असेपर्यंत ही दोन्ही एकमेकांपासून अलग राहतात. तो चिरला, किसला अथवा चावला कीं पेशी फुटतात, दोहोंची गांठ पडते आणि मोहरीच्या तेलासारखें झणझणीत द्रव्य उत्पन्न होतें. रसायनशास्त्रांत त्याला आइसोथायोसायनेट म्हणतात. वनस्पतीच्या दृष्टीनें हें किडीविरुद्धचें शस्त्र आहे. माणसानें त्याचीच चटक लावून घेतली.

ही एवढी गोष्ट समजली कीं स्वैंपाकांतील पुष्कळ कोडीं आपोआप सुटतात. बारीक किसलेला मुळा जाड कापांहून अधिक तिखट लागतो, कारण अधिक पेशी फुटलेल्या असतात. किसून ठेवलेला मुळा वेळ गेल्यावर मवाळ होतो, कारण तें द्रव्य उडून व विघटन पावून जातें. आख्खा मुळा शिजवला तर तो गोड लागतो, कारण उष्णतेनें एन्झाइम आधींच निकामी होतें. शेंड्याकडचा निमुळता भाग तिखट आणि पानांकडचा भाग गोडसर असतो. म्हणून वरचा भाग कच्चा खावा आणि खालचा शिजवावा, हा जपानी गृहिणींचा नियम कोणत्याहि घरीं चालण्यासारखा आहे. शिजतांना सुटणारा वास हा त्याच गंधकाचा; भांडें प्रथम उघडें ठेवून शिजवलें तर त्याचा बराच भाग निघून जातो. झांकण घट्ट लावून वास कोंडण्यानें उलट तो भाजींतच मुरतो.

मराठी स्वैंपाकानें मुळ्याला अगदींच दूर ठेवलें आहे असें मात्र नाहीं. दह्यांतली कोशिंबीर सर्वत्र आहे. भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून तींत किसलेला मुळा, हिरवी मिरची व लिंबू घालून वरून हिंगाची फोडणी दिली म्हणजे मुळ्याचा चटका होतो. डाळीचा मवाळपणा व मुळ्याचा झोंबरेपणा एकमेकांना सांवरून घेतात. पाल्यासकट बारीक चिरून, डाळीचें पीठ पेरून केलेली भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर मराठवाड्यांत आवडीनें खातात. शेतांत जेवणारा गडी पिठलें-भाकरीबरोबर मुळा नुसता दांतानेंच तोडतो. आणि मुळा जून होऊन फुलावर आला, त्याला कोंवळ्या शेंगा लागल्या, कीं त्या डिंगऱ्यांची भाजी होते. म्हणजे कंद हातचा गेला तरी झाड अजून कांहीं देतच असतें. या सर्व कृतींत एक समान लक्षण आहे. त्या सर्व ताज्या मुळ्याच्या आहेत. मुळा साठवून ठेवण्याची कृति मराठी घरांत जवळजवळ नाहीं. खरा फरक येथून सुरू होतो.

कोरिया हा डोंगराळ द्वीपकल्प. तेथील हिंवाळा लांब व कडक. सोलमध्यें जानेवारींत पाणी गोठतें, शेतांत हिरवें पान राहत नाहीं. ताजी भाजी मिळणें जेथें तीन-चार महिने बंद, तेथें भाजी टिकविणें हा शौक नसून प्राणरक्षणाचा उपाय होता. कोरियाचा मुळा, ज्याला तेथें ‘मू’ म्हणतात, आपल्या मुळ्यासारखा सडपातळ नसतो. तो आंखूड, जाड, भरीव व जड असतो आणि पानांखालचा त्याचा खांदा हिरवट असतो. त्यांत पाण्याचा अंश थोडा कमी, म्हणून खारवला तरी तो कुरकुरीत राहतो. पूर्वीं घराच्या आवारांत खड्डा खणून हे मुळे गवतांत पुरून ठेवीत आणि लागेल तसे काढीत. कोर्यो राजवटींतील कवि यि ग्यू-बो (११६८–१२४१) यानें आपल्या परसांतील सहा भाज्यांवर लिहितांना मुळा उन्हाळ्यासाठीं सोयाच्या रसांत आणि हिंवाळ्यासाठीं मिठांत मुरवितात, असें सांगितलें आहे. म्हणजे किमचीच्या इतिहासांत, आज जी कोबी सर्वांच्या डोळ्यांपुढें येते तिच्याहि आधीं, मुळ्याची नोंद सांपडते.

त्या काळच्या किमचींत मिरची नव्हती. मिरची ही मूळची अमेरिका खंडांतील. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून हिंदुस्थानांत आली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरियांत पोंचली. मराठी ठेंचा आणि कोरियन किमची या दोघांचा लाल रंग असा एकाच समुद्रप्रवासाचा परिणाम आहे. आज दोन्ही समाजांना मिरची आपल्या घरचीच वाटते.

कोरियन कुटुंबांत नोव्हेंबरच्या सुमारास ‘किमजांग’ नांवाचें मोठें काम निघतें. शेजारणी व नातलग एकत्र जमून सबंध हिंवाळ्याची किमची घालतात. एकीच्या घरचें काम संपलें कीं सगळ्या दुसरीकडे जातात. मराठी वाचकाला याची कल्पना देण्यासाठीं चैत्र-वैशाखांतील पापड-कुरडयांची आठवण पुरेशी आहे. गच्चीवर वा अंगणांत जमणाऱ्या बायका, हातानें होणारें काम आणि तोंडानें चालणाऱ्या गप्पा, सारें तेंच. ऋतु फक्त उलटा. २०१३ मध्यें युनेस्कोनें या किमजांगाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत केला. तो गौरव एखाद्या पदार्थाच्या चवीचा नव्हता. एकत्र येऊन घालण्याच्या आणि वांटून घेण्याच्या चालीचा होता.

किमची टिकते कशी, हें समजण्यास अवघड नाहीं. मुळ्याचे तुकडे प्रथम मिठांत ठेवतात. मीठ त्यांतील पाणी ओढून घेतें आणि सडविणारे पुष्कळसे जंतु त्या खारटपणांत वाढूं शकत नाहींत. मुळ्याच्या अंगावर मूळचेच असणारे, दह्याच्या जंतूंचे भाऊबंद मात्र त्यांत सुखानें नांदतात. ते मुळ्यांतील साखरेचें लॅक्टिक आम्ल बनवितात. दूध विरजून दही होतें तेव्हां जें आम्ल तयार होतें तेंच हें. आंबटपणा वाढला कीं उरलेसुरले घातक जंतूहि मागें हटतात. या क्रियेंत वायु सुटतो, म्हणून चांगल्या मुरलेल्या किमचीचा रस जिभेवर किंचित् चुणचुणतो. हें सारें हवेवांचून व्हावें लागतें. म्हणून तुकडे रसाखालीं दाबून ठेवतात. पूर्वीं यासाठीं ‘ओंग्गी’ नांवाचे मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनींत पुरीत. वर बर्फ पडलें तरी जमिनीच्या पोटांत थंडावा एकसारखा राहतो. किमची गोठतहि नाहीं आणि लवकर आंबतहि नाहीं. इमारतींच्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना अंगण कोठलें? म्हणून पुढें तेथें केवळ किमचीसाठीं निराळीं शीतकपाटें निघालीं. रांजण गेला, पण त्याचें शीतमान यंत्रानें राखलें.

मुळ्याच्या किमचीचे प्रकार पुष्कळ आहेत. चौकोनी फोडींची ती ‘कक्दुगी’. हाडांच्या पांढऱ्या रश्शाबरोबर ती हवीच. आख्खे मुळे खाऱ्या पाण्यांत मुरवून केलेली, मिरचीच्या लालीवांचूनची ती ‘दोंगचिमी’. तिचें आंबट-गार पाणी कांजीसारखें पितात. बोटभर लांबीचे लहान मुळे पाल्यासकट घालतात ती ‘चोंगाक’. या शब्दाचा अर्थ अविवाहित तरुण असा आहे, कारण पूर्वींचे अविवाहित मुलगे वेणी घालीत आणि पानांचा झुबका त्या वेणीसारखा दिसतो. उन्हाळ्यांत कोंवळ्या पाल्याची ‘योलमू’ असते. याखेरीज मुळ्याच्या लांब चिरट्या वाळवून ‘मूमाल्लेंगी’ करतात आणि पुढें भिजवून तिखट-तिळाच्या मसाल्यांत कालवतात. आणि पाला? तो कोणी फेंकीत नाहीं. जुड्या बांधून सांवलींत, वाऱ्याला टांगून तो वाळवतात. त्याला ‘शिरेगी’ म्हणतात. हिंवाळ्यांत तो उकडून सोयाबीनच्या आंबविलेल्या लगद्यांत शिजवला कीं भाताबरोबरचें कालवण तयार होतें. कोरियाचा जेवणारा असा मुळा शेंड्यापासून पानाच्या टोंकापर्यंत खातो.

जपानांत मुळ्याला ‘दाइकोन’, म्हणजे ‘मोठें मूळ’, म्हणतात. कागोशिमाजवळच्या साकुराजिमा या ज्वालामुखीच्या राखट जमिनींत तो भोपळ्याएवढा वाढतो. २००३ मध्यें तेथील एका मुळ्याचें वजन ३१.१ किलो भरलें आणि तो त्या वेळीं जगांतील सर्वांत जड मुळा ठरला. तळलेल्या पदार्थांबरोबर व भाजलेल्या मासळीबरोबर जपानी लोक ताजा किसलेला मुळा घेतात. मुळ्यांत पिष्ट पचविणारें डायस्टेज नांवाचें एन्झाइम असतें, आणि तें शिजवल्यानें नष्ट होतें. तेव्हां जड जेवणाबरोबर कच्चा मुळा ही चाल निराधार नाहीं. सुकवलेला मुळा तांदळाच्या कोंड्यांत व मिठांत मुरवून पिवळें ‘ताकुआन’ करतात. सतराव्या शतकांतील ताकुआन सोहो या झेन साधूचें नांव परंपरेनें त्याला जोडलेलें आहे. हेंच लोणचें ‘तानमूजी’ म्हणून कोरियांत गेलें आणि आज भाताच्या किंबाप गुंडाळींत पिवळी कांडी म्हणून दिसतें.

चीनच्या दक्षिण भागांत किसलेला मुळा तांदळाच्या पिठांत कालवून वाफवतात व त्याच्या वड्या परततात. नव्या वर्षाच्या सणाला ही वडी हवीच, कारण तेथील बोलींत मुळ्याच्या नांवाचा उच्चार शुभशकुनाच्या शब्दाशीं जुळतो. हीच वडी सिंगापुरांत गेल्यावर इंग्रजींत ‘कॅरट केक’ झाली, जरी तींत गाजर औषधालाहि नसतें. खारवून वाळवलेल्या मुळ्याचे तपकिरी तुकडे दक्षिण चीनमधून थायलंडपर्यंत गेले व तेथील परतलेल्या शेवयांत शिरले. व्हिएतनाममध्यें मुळा व गाजर यांच्या चिरट्या शिर्का-साखरेंत बुडवून पावाच्या तुकड्यांत भरतात.

इतक्या दूर न जातां हिमालयाच्या पायथ्याशींहि हीच विद्या सांपडते. नेपाळ, सिक्कीम व दार्जिलिंग येथें मुळे दोन-तीन दिवस कोमेजूं देऊन, जमिनींतील खड्ड्यांत दाबून भरतात. त्यांत मीठ घालीत नाहींत. कांहीं आठवड्यांनीं आंबलेले मुळे काढून, कापून उन्हांत वाळवले कीं ‘सिंकी’ होते. पालेभाज्यांचें तसेंच ‘गुंद्रुक’. दोन्ही वर्षभर टिकतात आणि पावसाळ्यांत आंबट सार करण्यास उपयोगी पडतात. काश्मिरांत किसलेल्या मुळ्याची दह्यांतली चटणी, पंजाबांत भरलेले पराठे, तमिळनाडूंत सांबार, हे तर सर्वश्रुतच आहेत.

कोरियाच्या थंडीनें जें शिकविलें तें मराठवाड्याचें ऊन शिकवूं शकणार नाहीं काय? येथें दुष्काळ हाच आपला हिंवाळा आहे. मार्च ते जून विहिरी आटतात, भाजी महागते आणि ताट कोरडें पडतें. डिसेंबर-जानेवारींत मात्र चित्र उलटें असतें. आवक वाढली कीं मुळ्याचा भाव कोसळतो. काढणीची मजुरी आणि गाडीभाडें सुटेनासें झालें म्हणजे शेतकरी उभ्या पिकांत जनावरें सोडतो किंवा नांगर फिरवतो. एका हंगामांतली नासाडी आणि दुसऱ्या हंगामांतली टंचाई यांच्यामध्यें फक्त साठवणीची एक कृति उभी आहे.

त्यांतली सर्वांत सोपी कृति वाळवण्याची. ज्या घरांत खारोड्या, सांडगे व कुरडया होतात, हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवतात, त्या घराला ही कृति परकी नाहीं. मुळ्यांत शंभरांतील चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणीच असतें. म्हणून वीस किलो मुळ्याच्या चिरट्या कडक वाळल्या म्हणजे सुमारें सव्वा किलो भरतील आणि एका डब्यांत मावतील. जानेवारी-फेब्रुवारीचें मराठवाड्यांतील कोरडें ऊन व वारा याला उत्तम. बोटाएवढ्या चिरट्या स्वच्छ कापडावर पातळ पसराव्या, रात्रीं आंत घ्याव्या, मोडतांना कट् असा आवाज आला म्हणजे वाळल्या असें समजावें. पुढें अर्धा तास कोमट पाण्यांत भिजवून डाळींत, पिठल्यांत वा तीळ-तिखटांत घालाव्या. पाला सांवलींत वाळवावा. उन्हांत त्याचा हिरवेपणा व सत्त्व उडतें. क जीवनसत्त्व वाळवण्यांत पुष्कळसें नष्ट होतें हें खरें. परंतु चुना व लोह हीं क्षारद्रव्यें टिकतात, आणि पाल्यांत तीं कंदापेक्षां कित्येक पटींनीं अधिक असतात. मंडईंत जो भाग मुरगळून टाकला जातो तोच पोषणाच्या दृष्टीनें अधिक मोलाचा, हें शहरांतील गृहिणीनें ध्यानांत धरावें आणि भाजीवाल्याचा हात वेळीं थांबवावा.

मुरवण्याची कृति थोडी सावधपणानें करावी लागते, कारण आपली हवा उष्ण. एक किलो भरीव, ताजा मुळा धुवून त्याच्या पाऊण इंची फोडी कराव्या. त्यांना पंचवीस ग्रॅम, म्हणजे चार-पांच सपाट चहाचे चमचे, मीठ चोळून तासभर ठेवावें. सुटलेलें पाणी निथळून बाजूस काढावें. फोडींना ब्याडगी मिरचीची पूड, वाटलेला लसूण व आलें, चिरलेला पातीचा कांदा, चिमूटभर गूळ आणि दोन चमचे तांदळाची घट्ट पेज लावावी. कोरियन लोक यांत खारवलेली कोळंबी वा मासळीचा रस घालतात. शाकाहारी घरांत तो वगळला तरी क्रिया तीच होते. फोडी कोरड्या कांचेच्या वा चिनीमातीच्या बरणींत दाबून, काढलेल्या पाण्याचा थोडा भाग वर घालून, बरणीचा वरचा चतुर्थांश रिकामा ठेवावा. वायूला जागा लागते. हिंवाळ्यांत एक-दोन दिवस, उन्हाळ्यांत अर्धा-एक दिवस बाहेर ठेवून, आंबट वास येतांच शीतकपाटांत ठेवावी. वर बुरशीचा थर धरला किंवा सडका वास आला तर मोह न धरतां फेंकून द्यावी. यांत मीठ बरेंच असतें. रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनीं ती लोणच्याच्या मापानेंच खावी, भाजीच्या मापानें खाऊं नये.

कोरियाहि आतां पूर्वींइतका दूर राहिलेला नाहीं. जालना रस्त्यावरील शेंद्रा येथें ऑरिक औद्योगिक नगरींत ह्योसंग या कोरियन कंपनीचा कारखाना २०१९ पासून आहे, आणि कोरियन मालिका पाहणाऱ्या तरुण मुलामुलींना किमची हा शब्द आजीच्या लोणच्याइतकाच परिचयाचा झाला आहे. दुकानांतून आणलेल्या महागड्या बाटलीवर ज्यांना ही चव शोधावी लागते, त्यांच्याच शहराबाहेर दहा कोसांवर मुळ्याच्या वाफ्यांत गुरें चरत असावींत, हें हिशेबाला धरून नाहीं. गांवांतील बचत गटांनीं पापड-मसाल्यांच्या जोडीला वाळवलेला मुळा व पाला यांचीं पाकिटें केलीं, आणि शहरांतील घरांनीं तीं एकवार चाखून पाहिलीं, तर त्यासाठीं मोठें यंत्र नको आणि मोठें भांडवलहि नको. ऊन फुकट आहे, बीं जिल्ह्यांत आहे आणि हातांना वाळवणाची संवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

चरकानें वाळलेल्या मुळ्याला दिलेला मान आणि कोरियन गृहिणीनें टांगलेल्या पाल्याच्या जुड्या, हीं दोन टोंकें एकाच शहाणपणाचीं आहेत. अन्न मुबलक असतांना त्याची कदर केली तर तें टंचाईंत घराची कदर करतें. येत्या हिंवाळ्यांत जुडी घरीं येईल तेव्हां वरचा भाग कोशिंबिरीला, खालचा भाग डाळीला, पाला पीठ पेरून भाजीला आणि उरेल तें उन्हाला, एवढी विभागणी जरी झाली, तरी मुळ्याची उपेक्षा निम्म्यानें कमी होईल. आणि त्याच्या मागें उभ्या असलेल्या माळ्याचीहि.